गाडीतली प्रथमोपचार पेटी: खरचटलं तर ठीक, रक्ताची धार लागली तर?

नव्या गाडीसोबत येते ती पेटी असो, नाहीतर सोलापुरात ॲक्सेसरीजच्या दुकानातून दोन-चारशे रुपयांना घेतलेली असो, आतला माल थोड्याफार फरकाने तोच. चिकटपट्टीचे आठ-दहा तुकडे, 5 सेंमी रुंदीचे गॉझचे एक-दोन रोल, कापूस, अँटिसेप्टिक मलमाची छोटी ट्यूब, चिकटपट्टीचं रीळ आणि शाळकरी पोरांच्या कंपासात शोभेल अशी कात्री. विळीने बोट कापलं तर झकास पेटी. पण मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला दुचाकी मागून धडकते, तेव्हा यातली एकही वस्तू मोठ्या जखमेला पुरत नाही.

हिशेब साधा आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. नुसतं मांडीचं हाड मोडलं तरी लिटर-दीड लिटर आतल्या आत जातं, बाहेर थेंब दिसत नाही. बाहेरची मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत खेळ आटोपतो, इतक्या वेळात कुठलीच ॲम्ब्युलन्स पोचत नाही. म्हणून पेटीची पहिली परीक्षा एकच: हिच्याने रक्त थांबतं का?

कापूस इथेच नापास. उघड्या जखमेवर दाबला की त्याचे तंतू आत चिकटतात, आणि ते काढत बसण्याचं काम पुढे सर्जनच्या माथी येतं. मलमही वाहत्या रक्तात धुऊन जातं. 5 सेंमीचा रोल मांडीला चार वेढे देईपर्यंत संपतो आणि दोरीसारखा रुततो. पायाला किमान 10, शक्यतो 15 सेंमी रुंदीची पट्टी लागते.

सिव्हिलच्या आसपास, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या परिसरात, मेडिकल किंवा सर्जिकल दुकानात जाऊन हे मागा: 10 बाय 10 सेंमीच्या निर्जंतुक गॉझची दहा-बारा पाकिटं, मोठे ड्रेसिंग पॅड चार, 10 आणि 15 सेंमीची क्रेप बँडेज प्रत्येकी दोन, नायट्राइलच्या हातमोज्यांच्या चार जोड्या. त्रिकोणी पट्टी विकत घ्यायची गरज नाही. मीटरभर लांब, मीटरभर रुंद मांजरपाट तिरकं कापलं की दोन तयार. हात गळ्यात अडकवायला, मोडलेला पाय चांगल्या पायाला बांधायला (मध्ये घडी केलेला टॉवेल घालून), पॅड जागेवर धरायला, सगळीकडे तीच.

वापरताना लोक चुकतात ते असं. पॅड ठेवतात, दोन मिनिटं दाबतात आणि थांबलं का ते उचलून बघतात. नुकती धरू लागलेली गाठ त्यासोबत निघून येते. तळहाताने, कोपर ताठ ठेवून, अंगाचा भार टाकून सलग दहा मिनिटं दाबायचं, मध्ये बघायचं नाही. तरीही पॅड भिजून वाहू लागला, तर बहुतेकदा दाब बरोबर जागी नसतो. अशा वेळी वर थरावर थर चढवून उपयोग नाही, एकदाच नीट जागा शोधून पुन्हा दाबायचं. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर गॉझ बोटाने आत ठासून भरायचा आणि वरून दाबायचं. बघायला क्रूर वाटतं, पण उपाय तोच. जखमेत सळई किंवा काच घुसली असेल तर उपसायची नाही, दोन्ही बाजूंनी कापडाच्या घड्या लावून ती हलणार नाही असं बांधायचं.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर टूर्निकेट, म्हणजे दांडीने पिळून हात किंवा पाय आवळायचा पट्टा. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त नकलांबद्दल मत वाईट आहे. पिळायची दांडी हलक्या प्लॅस्टिकची असते, खरोखर आवळायला गेलं की वाकते किंवा तुटते. पट्टा 4 सेंमीपेक्षा अरुंद असेल तर हातात घेऊ नका. लावायचा जखमेच्या वर, म्हणजे धडाकडच्या बाजूला, 5 ते 7 सेंमी अंतरावर. गुडघ्या-कोपरावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळायचा, वेळ मार्करने त्या माणसाच्या कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहायची, आणि दवाखान्यापर्यंत सैल करायचा नाही. रग लागते, माणूस ओरडतो, शेजारचा कुणीतरी 'अहो, सोडा की जरा' म्हणतो. सोडायचा नाही. सुतळी किंवा वायर बांधणं मात्र वाईटच, ती मांस कापते आणि धमनी तशीच वाहते.

आता सोलापूरच्या उन्हाचा भाग, ज्याचा विचार या पेट्या भरणाऱ्याने केलेलाच नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा 42-43 वर असताना बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. मागच्या काचेखाली ठेवलेली पेटी एका उन्हाळ्यानंतर उघडा: चिकटपट्टीचा डिंक वितळून रिळाचा लगदा झालेला, लॅटेक्सचे मोजे एकमेकांना चिकटून ओढताच फाटणारे, गॉझच्या पाकिटांची शिवण उकललेली. शिवण उकलली की तो गॉझ निर्जंतुक राहिला नाही, आतून कितीही पांढरा दिसो. लॅटेक्सपेक्षा नायट्राइल टिकतं. चिकटपट्टीऐवजी गाठ मारता येईल अशी पट्टी बरी, घाम-रक्ताने ओल्या कातडीवर तसंही काही चिकटत नाही.

कात्री फेकून द्या. टोक बोथट आणि पातं वाकडं असलेली ट्रॉमा कात्री घ्या. जीन्स, सीटबेल्ट आणि हेल्मेटचा पट्टा यांवर चालवून बघायची. हेल्मेट मात्र उगाच ओढून काढायचं नाही. माणूस नीट श्वास घेत असेल तर काच वर करायची आणि तसंच राहू द्यायचं. श्वास अडत असेल तरच काढायचं, तेही दोघांनी: एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट सरळ रेषेत सरकवायचं.

पेटीत न मावणारी पण सर्वात कामाची वस्तू घराघरात आहे: सोलापुरी चादर. रक्त गेलेला माणूस मे महिन्यातही गार पडतो, आणि अंग गार पडलं की रक्त गोठायची क्रिया मंदावते. उन्हाळ्याच्या दुपारी खालचं डांबर कातडी भाजतं, ते वेगळंच. एक चादर अंगाखाली, एक अंगावर. चौघांनी कडा गुंडाळून धरली तर उचलायलाही होते. हात-पाय धरून पोत्यासारखं उचलणं आणि रिक्षात दुमडून बसवणं यात मोडलेल्या मणक्याचं वाटोळं होतं. आणि पाणी पाजू नका. शुद्ध हरपत असलेल्याच्या फुप्फुसात ते जातं, शिवाय पुढे भूल द्यायची असते. ओकारी आली तर डोकं, मान, धड एकदम वळवून कुशीवर.

झाकणाच्या आत एक कागद चिकटवा: 108 (डॉक्टर असलेली सरकारी ॲम्ब्युलन्स, मोफत), 1033 (राष्ट्रीय महामार्गावर), 112 (पोलीस). फोन घेणारा सोलापूरचाच असेल असं धरू नका. 'सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडे' हा पत्ता सोलापुरातून बघणाऱ्याला एक आणि पुण्याकडून येणाऱ्याला भलताच. मार्ग (राष्ट्रीय महामार्ग 65 की 52), तोंड कुठे, पुण्याकडे की हैदराबादकडे, जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा, जखमी किती, कुणी अडकलंय का आणि श्वास चालू आहे का, एवढं सांगा. मग फोन तुम्ही ठेवू नका, त्यांना ठेवू द्या.

त्याच कागदावर आणखी दोन ओळी. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या 134अ कलमानुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि पोलीस त्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करू शकत नाहीत. दुसरं, मे 2025 पासूनच्या केंद्राच्या योजनेत ('कॅशलेस ट्रीटमेंट ऑफ रोड ॲक्सिडेंट व्हिक्टिम्स स्कीम') अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. हे नेमून दिलेल्या रुग्णालयात, इतरत्र फक्त स्थिर करण्यापुरते. काउंटरवर 'आधी पैसे भरा' ऐकू आलं तर योजनेचं नाव घ्यायचं.

मूळ पेटीला पाचात दीड. वरचा माल भरला की चार. उरलेला एक गुण जागेचा: ती डिकीत ठेवलेली असते, आणि मागून धडक बसलेल्या गाडीची डिकी उघडत नाही. कापडी पिशवीत भरून चालकाच्या सीटमागच्या खिशात ठेवा. बॅटरी (टॉर्च) आणि चेतावणीचा त्रिकोणही तिथेच. ताशी 80 ने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते, त्यामुळे त्रिकोण गाडीला टेकवून नाही, मागे शंभर मोठी पावलं मोजून ठेवायचा, आणि जखमीला हात लावण्याआधी.