गपगार स्कोपचे सोळा हजार

मे महिन्यात मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या एका गाळ्यातून जुना टेक्ट्रॉनिक्स २४६५ घेतला. हा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर लाटेसारखा दाखवणारं यंत्र. तीनशे मेगाहर्ट्झ, चार चॅनल. नाशिकला माझं दुरुस्तीचं छोटं टेबल आहे, त्यावर असा स्कोप असावा ही कितीतरी वर्षांची हौस. अठरा सांगितले, बोहनीची वेळ म्हणून सोळा हजारांत सुटला.

गाळ्यात एसी गारेगार. विक्रेत्याने स्कोप चालू केला, प्रोब (सिग्नल घेणारी वायर) त्याच्याच कॅलिब्रेटरच्या, म्हणजे चाचणी-सिग्नलच्या, टोकाला अडकवला. चौकोनी लाट छान उभी राहिली, वरची अक्षरं रेखीव. "आवाज ऐका साहेब. आहे का काही? बाकीचे स्कोप गिरणीसारखे वाजतात." सात-आठ मिनिटांत त्याने बटण बंद केलं. म्हणाला, "ट्यूब उगाच कशाला जाळायची?" मला त्याची काळजी कौतुकास्पद वाटली! पंखा असलेलं यंत्र इतकं गप कसं, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं.

घरी पहिल्याच दुपारी चाळीसेक मिनिटांनी पडद्यावरची अक्षरं आक्रसायला लागली. मग ट्रेस (लाटेची रेघ) एका बाजूने दुमडला. बंद करून तासाभराने लावला तर पुन्हा ठणठणीत. मागच्या जाळीपाशी तळहात धरला, वाऱ्याची झुळूकही नाही.

झाकण काढलं. पंख्याची लाल तार कापलेली, आणि कापलेल्या टोकावर काळी स्लीव्ह नीट तापवून बसवलेली. तुटलेली तार अशी दिसत नाही, हे कुणीतरी बसून केलेलं काम होतं. तार जोडली तेव्हा कारण कळलं. बेअरिंग गेलेलं, पंखा असा घरघरला की शेजारच्या काकू दारात आल्या. नवा पंखा टाकण्याऐवजी त्याने जुन्याचं तोंड बंद केलं होतं.

या मॉडेलमध्ये यू८०० नावाची आयसी (चिप) ट्रेस आडवा हलवते. पडद्यावरची अक्षरंही तिच्यातूनच जातात, म्हणून ती बिघडली की दोन्ही एकदम वाकतात. ती मुळातच तापट, पंखा फिरत असतानाही बोट फार वेळ ठेववत नाही. माझ्या स्कोपात तिच्याभोवतीचा बोर्ड करपून तपकिरी झालेला. ट्रेस दुमडलेला असताना तिच्यावर फ्रीझ स्प्रे (झटकन गार करणारा फवारा) मारला, अक्षरं डोळ्यांदेखत सरळ झाली. अर्ध्या मिनिटात परत वाकडी. नवा पंखा बसवला, आयसीवर छोटा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) चिकटवला. तरी दीड तासानंतर तेच. म्हणजे आधीच्या उष्णतेने ती आतून गेलेली आहे. ती टेक्ट्रॉनिक्सने स्वतःसाठी बनवलेली, दुकानात मिळत नाही. दुसऱ्या मेलेल्या स्कोपातून काढावी लागते. सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलले. दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि हे किती दिवस बिनवाऱ्याचे भाजले कुणास ठाऊक.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तर तयार होतं: "तुम्ही उघडलात ना? मग गॅरंटी संपली." गॅरंटी कधी होती? कच्च्या बिलावर 'जुना माल, जसा आहे तसा' एवढंच, सिरियल नंबरही नाही. ही चूक माझी, सोळा हजार देताना मी बिल वाचलंही नव्हतं.

गेल्या महिन्यात मित्राला सिग्नल जनरेटर घ्यायचा होता, तेव्हा आम्ही जेवणाचा डबा घेऊनच गेलो. आधी मागे हात धरून वारा पाहिला. मग झाकण लावून, एसीच्या झोतापासून लांब, तासभर चालू ठेवायला सांगितलं. पहिल्या गाळेवाल्याने पाऊण तासात "दुकान बंद करायचंय" म्हणून वायर ओढली. दुपारचे दोन वाजले होते. दुसऱ्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि म्हणाला, "बसा की, तासाचे दोन करा."