टाकीत ओतलेल्या तीन बाटल्या: सात महिने, नऊ हजार किलोमीटर

गाडी २०१४ची, तीन सिलिंडरची छोटी पेट्रोल हॅचबॅक. रोजचा रस्ता धायरी ते हिंजवडी. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, आणि बराचसा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. गणपतीच्या आधी रीडिंग ८४ हजार होतं तेव्हा दोन तक्रारी होत्या. सिग्नलला उभं राहिलं की आरपीएमचा काटा खाली-वर व्हायचा, आणि सकाळी स्टार्ट केल्यावर गाडी अर्धा मिनिट थरथरायची. सर्व्हिस सेंटरने बॉनेट न उघडताच ‘डीकार्बनायझेशन’चे, म्हणजे इंजिनातली काजळी साफ करायचे, २,४०० रुपये सांगितले. म्हटलं, आधी पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या क्लीनरची ५५० रुपयांची बाटली ओतून बघू.

नाना पेठेतून चार बाटल्या घेतल्या. बिल मागितल्यावर दुकानदाराने असं बघितलं, जणू मी त्याची जन्मपत्रिका मागितली. ब्रँडचं नाव देत नाही, कारण मुद्दा ब्रँडचा नाही. लेबलावर पॉलिइथरअमाइन लिहिलंय का, एवढं बघून घ्या. इंजेक्टरवरचा आणि सिलिंडरमधला चिकट थर सोडवायचं काम हा घटक चांगलं करतो.

माझ्या गाडीत इंजेक्टर पेट्रोल फवारतो ते इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या, पाठीवर, म्हणून पेट्रोलबरोबर औषधही तिथवर पोचतं. मेव्हण्याच्या टर्बो गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. तिथे व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही, मग टाकीत काहीही ओता, तिथली काजळी तशीच राहणार. त्याने तरी दोन बाटल्या संपवल्या आणि ‘पिकअप वाढला’ म्हणून सगळ्यांना सांगितलं.

पहिली बाटली फुल टाकीत टाकली. साधारण दोनशे किलोमीटरनंतर सकाळची थरथर कमी झाली, टाकी संपेपर्यंत जवळपास गेलीच. हा फरक बायकोलाही जाणवला, आणि बाटलीबद्दल मी तिला काहीच बोललो नव्हतो. सिग्नलवरचा काटा मात्र नाचतच राहिला. दुसऱ्या बाटलीनेही ढिम्म फरक नाही. शेवटी नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी एअर फिल्टरचा पाइप काढून थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, दाखवली, कडेला काळा थर. म्हणाले, “अहो, दुखणं हवेच्या वाटेवर आणि तुम्ही औषध पाजताय पेट्रोलला!” बरोबरच होतं. टाकीतलं औषध थ्रॉटल बॉडीपर्यंत कधी जातच नाही. स्प्रे, कापड, अर्धा तास, ६०० रुपये. काटा जागेवर आला तो आजतागायत हललेला नाही.

आता ॲव्हरेज, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. मी प्रत्येक वेळी एकाच पंपावर, ऑटो कटपर्यंत भरून वहीत लिहितो. आधी सरासरी १४.१ होती, सात महिन्यांची १४.५ आली. पण विसर्जनाच्या आठवड्यातली टाकी १२.८ची आणि दिवाळीत कोल्हापूरला जाऊन आलो ती १८.६ची. एवढ्या चढउतारात ०.४ म्हणजे काय? तरी खरं धरलं तर नऊ हजार किलोमीटरमध्ये १७-१८ लिटर वाचले, म्हणजे साधारण १,८०० रुपये. बाटल्यांना गेले १,६५०. नफ्यात एक मिसळ, तीही थ्रॉटल बॉडीचे ६०० धरले नाहीत तर.

ई-२०ने पडलेलं ॲव्हरेज बाटलीने परत येईल, ही आशा तर सोडाच. २०२१च्या जूनमध्ये पुण्यातल्या तीन पंपांवर ई-१००चा, म्हणजे जवळजवळ निव्वळ इथेनॉल विकायचा, प्रयोग सुरू झाला तेव्हा आम्हाला ते कौतुक वाटलं होतं. आता प्रत्येक टाकीत वीस टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. ती कमतरता कुठलंही क्लीनर भरून काढू शकत नाही.

खरा अपग्रेड झाला तो नाइलाजाने. फेब्रुवारीत पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतोय म्हणून वॉचमनकाकांनी इंटरकॉम केला. खाली बघतो तर इंधनाचा रबरी पाइप कडक होऊन तडकलेला. दोष अकरा वर्षांच्या वयाचा की इथेनॉलचा, हे गॅरेजवाले काकाही छातीठोक सांगत नाहीत. इथेनॉल चालणारे पाइप आणि नवे क्लॅम्प टाकून घेतले. जुनी गाडी असेल तर बाटलीच्या आधी टॉर्च घेऊन पाइप बघा, हे मी मनापासून सांगतो.

बाकी प्रयोग थोडक्यात. १०० ऑक्टेनचं पेट्रोल एक टाकी भरून पाहिलं, खिशाशिवाय कुठे फरक जाणवला नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) टाळायची ताकद, जादा दम नव्हे, आणि माझ्या इंजिनाला तेवढ्याची गरजच नाही. इरिडियमचे स्पार्क प्लग टाकले ते जास्त टिकतात म्हणून. इंजिन फ्लश, म्हणजे ऑइलमध्ये औषध घालून इंजिन आतून धुणं, मात्र काकांनी करू दिला नाही. जुना गाळ एकदम सुटला तर ऑइल पंपाची जाळी तुंबते म्हणाले.

तिसरी बाटली ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत टाकली. औषधाचा थोडा अंश पिस्टन रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतो, म्हणून हा क्रम बरा. चौथी अजून कपाटात आहे, फिनेलच्या शेजारी. पुढच्या ऑइलच्या वेळी ती संपवेन, नवीन आणणार नाही. मेव्हणा मागतोय, पण त्याला दिली तर पुन्हा पिकअपच्या गोष्टी ऐकाव्या लागतील.