तीन दिवसांत ‘अ‍ॅक्सेप्टेड’: बनावट मेडिकल जर्नलमध्ये पेपर कसा अडकतो

मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकाला प्रमोशनसाठी मान्य जर्नलांत छापलेले पेपर लागतात. बनावट जर्नलचा मेल येतो तो नेमका ती फाइल भरायच्या दिवसांत. सुरुवात ‘एस्टीम्ड डॉक्टर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ अशी. खाली दोन वर्षांपूर्वी कॉन्फरन्सला लावलेल्या पोस्टरचं शीर्षक जसंच्या तसं चिकटवलेलं, आणि ते वाचून संपादक मंडळ भारावून गेल्याचं सांगितलेलं. पोस्टर हाडांच्या क्षयावर असतं आणि जर्नल त्वचारोगांचं, पण घाईत तिकडे कोण बघतो! शीर्षक मिळतं कुठून, तर कॉन्फरन्सच्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट बुकातून. ती पीडीएफ नेटवर पडून असते आणि बऱ्याचदा ईमेलसुद्धा त्यातच छापलेले असतात.

पुढचा क्रम माणूस बदलला तरी फारसा बदलत नाही. पेपर साइटवर अपलोड करायला न सांगता मेलनेच मागवतात. तिसऱ्या दिवशी ‘रिव्ह्यू’, म्हणजे तज्ज्ञाने पेपर तपासल्याचा अहवाल, हजर. एक पानी तक्ता: मौलिकता, गुड, भाषा, गुड, संदर्भ, अ‍ॅडिक्वेट. खाली शेरा, स्वीकारण्यास हरकत नाही. खरा रिव्ह्यूअर असा गोड नसतो. तो विचारतो की सॅम्पल साइज 60 कोणत्या हिशोबाने धरला, एथिक्स कमिटीचं पत्र अभ्यासाआधीचं की नंतरचं, आणि टेबल 2 मधली बेरीज 58 का येते. एकही अडचणीचा प्रश्न न येता पेपर पास झाला, तर तो कुणी उघडलेलाही नाही असं खुशाल समजा. 2013 मध्ये ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकाने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट पेपर 304 ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांना पाठवून पाहिला होता. 157 जर्नलांनी तो स्वीकारला.

मग पैसे. आधी सांगितलेला आकडा परवडणारा असतो, म्हणूनच माणूस अडकतो. स्वीकृतीपत्र हातात पडल्यावर त्याला शेपट्या फुटतात: चौथ्या लेखकापासून पुढे माणशी जादा, डीओआयचे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे, छापील अंकाचे वेगळे. खातं बहुधा एखाद्या व्यक्तीच्या नावाचं, किंवा नुसता क्यूआर कोड. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही. इथेच थांबलं तर नुकसान काही हजारांवर भागतं.

बहुतेक जण थांबत नाहीत, कारण सोबत कॉपीराइट फॉर्म आलेला असतो आणि त्यावर सगळ्या सहलेखकांच्या सह्या होऊन तो परतही गेलेला असतो. खरा दगा या कागदात आहे. महिन्या-दोन महिन्यांनी लायब्ररियन किंवा स्क्रूटिनी कमिटी सांगते की हे जर्नल प्रमोशनसाठी मान्य असलेल्या यादीत बसत नाही. पेपर मागे घ्यायला जावं, तर मूळ फीपेक्षा मोठी ‘विथड्रॉवल फी’ मागतात. न विचारताच पेपर साइटवर चढवून मोकळे होतात. तोच पेपर चांगल्या जर्नलला पाठवला की त्यांचं सॉफ्टवेअर जवळजवळ शंभर टक्के साम्य दाखवतं आणि दुबार प्रकाशनाच्या कारणाने तो परत येतो. तीन वर्षांचं थीसिसचं काम असं कायमचं गोठतं. गेलेले पैसे त्यापुढे किरकोळ.

ही पद्धत न्यायालयात सिद्धही झालेली आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहावर 2016 मध्ये दावा लावला. पीअर रिव्ह्यूचे खोटे दावे, इंडेक्सिंगबद्दल दिशाभूल, स्वीकारानंतरच उघड होणारी फी आणि पेपर मागे घेऊ न देणं, असे आरोप होते. 2019 मध्ये न्यायालयाने 5 कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला. म्हणून दुकानं बंद झाली असं मात्र नाही.

सगळा खेळ ‘इंडेक्स्ड’, म्हणजे एखाद्या डेटाबेसमध्ये नोंदलेलं, या एका शब्दावर चालतो. साइटच्या तळाशी लोगोंची पट्टी असते: गूगल स्कॉलर, क्रॉसरेफ, रिसर्चगेट, आयएसएसएन. यातलं एकही दर्जाचं प्रमाणपत्र नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक. तो कुणालाही मिळतो. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता. झेनोडो या खुल्या साठवण-साइटवर फुकट खातं काढून पीडीएफ चढवली तरी डीओआय मिळतो. त्यामुळे 10.5281 ने सुरू होणारा डीओआय दिसला, तर जर्नलने डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफकडे नोंदणीसुद्धा केलेली नाही हे ओळखा. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’च्या आधी ‘ग्लोबल’ किंवा ‘युनिव्हर्सल’ लागलं, की तो आकडा खरा इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीचा नाही.

इंडेक्स कोपर्निकस या डेटाबेसची गोष्ट वेगळी. प्रमोशनसाठी चालणाऱ्या डेटाबेसच्या मेडिकल कौन्सिलच्या 2015 च्या यादीत ते होतं, फेब्रुवारी 2020 च्या यादीतून गेलं. नव्या यादीत मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस आणि डीओएजे आले. एजंट आजही जुनं परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, आणि कॉलेजातले सीनियरसुद्धा ‘अरे, चालतं ते’ म्हणून मोकळे होतात. नियम पुन्हा बदलू शकतात. आपल्याला लागू असलेल्या अधिसूचनेची पीडीएफ कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या साइटवरून स्वतः उतरवून वाचा. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीसुद्धा फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. तिचा लोगो मिरवणाऱ्या साइट मात्र अजून आहेत.

तपासायचं कसं? जर्नलच्या साइटवरच्या लिंकवर क्लिक करून कधीच नाही. त्यांची लिंक त्यांना हव्या त्या पानावर नेते, कधी मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच जर्नलच्या पानावर. आठ अंकी आयएसएसएन कॉपी करा आणि उलट्या बाजूने जा. आयएसएसएन पोर्टलवर तो टाकून नाव आणि देश जुळतो का ते पाहा. मग एनएलएम, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या, कॅटलॉगमध्ये टाका. तिथे सध्याच्या इंडेक्सिंगची ओळ असते. ‘नॉट करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन’ असं असेल तर मेडलाइनचा दावा तिथेच संपला. एनएलएम आयडी दाखवून कुणी भुलवेल, पण तो नुसता कॅटलॉग क्रमांक आहे. स्कोपसमध्ये सोर्सेसचं पान फुकट उघडतं. तिथे कव्हरेजची वर्षं बघा. 2019 वर थांबलेलं जर्नल आजच्या पेपरला उपयोगाचं नाही. आणि एखादा लेख पबमेडमध्ये सापडला म्हणून अख्खं जर्नल मेडलाइनमध्ये आहे असं होत नाही. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या अनुदानातून झालेल्या कामाची हस्तलिखितं लेखकांमार्फत पबमेड सेंट्रलमध्ये जमा होतात आणि पबमेडमध्येही दिसतात, मग ती कुठल्याही जर्नलमध्ये छापलेली असोत.

एवढं करूनही एक जात निसटते: अपहृत जर्नल. जुनं, खरंखुरं, बहुतेक वेळा छापील जर्नल निवडतात आणि त्याच नावाने, त्याच आयएसएसएनने दुसरी साइट उभी करतात. नाव जुळतं, क्रमांक जुळतो, स्कोपसमध्येही नोंद सापडते. खोट्या साइट स्कोपसच्या नोंदींतही घुसल्याचं संशोधक अ‍ॅना अबाल्किना यांनी दाखवलं, आणि 2023 च्या अखेरीस स्कोपसने जर्नलांच्या साइटचे दुवेच काढून टाकले. यावर पाच मिनिटांची एक परीक्षा आहे. साइटवरच्या सहा महिन्यांपूर्वीच्या अंकातली दोन शीर्षकं घ्या आणि स्कोपसमध्ये शोधा. मग स्कोपसमधली त्याच काळातली दोन शीर्षकं साइटवर शोधा. दोन्हीकडून जुळायला हवं. एका बाजूने जुळलं नाही तरी सोडून द्या. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या साइटची अपहृत जर्नलांची यादीही चाळून घ्या.

फी मागणारं प्रत्येक जर्नल चोर असतं असं नाही. फी आधीच साइटवर स्पष्ट लिहिलेली हवी, एवढंच. फी न घेणारी चांगली जर्नलंही आपल्याकडे आहेत. मुंबईतून निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ लेखकांकडून पैसे घेत नाही. फक्त तिथे तीन दिवसांत काही होत नाही. महिने लागतात, आणि बहुतेक वेळा पेपर एकदा तरी दुरुस्तीला परत येतो.

अडकलाच असाल, तर पेपर साइटवर चढला आहे की नाही यावर सगळं अवलंबून आहे. चढला नसेल तर त्याच दिवशी मेल करा: पेपर मागे घेत आहोत, कॉपीराइटची संमती रद्द करत आहोत, प्रकाशित करू नये. सगळे सहलेखक सीसीमध्ये हवेत. उत्तर बहुधा येणार नाही. आठवड्याने पुन्हा पाठवा. विथड्रॉवल फी देऊ नका, ती दिल्यावरही पेपर तसाच राहू शकतो. क्रेडिट कार्डने भरले असतील तर बँकेकडे डिस्प्यूट टाका. यूपीआयने गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पेपर चढला असेल, तर नव्या जर्नलला गुपचूप पाठवू नका. कव्हर लेटरमध्ये सगळं लिहा आणि मागे घेतल्याचे मेल, पावती, तो एक पानी ‘रिव्ह्यू’ जोडा. तरीही संपादक नाही म्हणू शकतो. विचार करायला तयार झालाच, तर आधी दोन तारखा ताडून पाहील: तुमच्या पहिल्या मेलची आणि पेपर साइटवर आल्याची.