यूब्लॉक ओरिजिन: जाहिराती गेल्या, सोबत कॅप्चाही गेला

पाचपैकी साडेचार स्टार. आधीच सांगून टाकतो, नाहीतर खालचं रडगाणं वाचून कुणाला वाटायचं की एक्स्टेंशनच बेकार आहे. तसं अजिबात नाहीये. यूब्लॉक ओरिजिन म्हणजे ब्राउझरला जोडायची, जाहिराती अडवणारी छोटी जोडणी (एक्स्टेंशन). रेमंड हिल नावाच्या प्रोग्रामरने २०१४ मध्ये हे सुरू केलं, ओपन सोर्स आहे म्हणजे कोड सगळ्यांना खुला, पैसे तर नाहीतच पण हा माणूस देणगीसुद्धा घेत नाही. जाहिराती अडवतं का? अडवतं, विषय संपला. मला बोलायचंय ते एखादी साइट अडली की काय करायचं त्याबद्दल, कारण तिथे मी स्वतःच स्वतःची वाट लावून घेतली होती.

झालं असं की एका ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा, सगळं भरून झालेलं, फोटो अपलोड झालेला, आणि खाली जिथे कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना ते तपासणारं कोडं, यायला पाहिजे तिथे नुसती पांढरी चौकट. सबमिटचं बटण राखाडी, दाबलं तरी ढिम्म. रिफ्रेश केलं, कॅशे उडवली, वायफाय सोडून मोबाइलच्या नेटवर आलो, साइट बनवणाऱ्याच्या नावाने मनातल्या मनात बरंच काही बोललो. शेवटी प्रायव्हेट विंडोत उघडून बघितलं तर कॅप्चा मस्त हजर.

आता फायरफॉक्समध्ये आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय प्रायव्हेट विंडोत एक्स्टेंशन चालत नाहीत, म्हणजे गडबड एकतर एक्स्टेंशनची किंवा जुन्या कुकीजची. खात्री करायला नेहमीच्या विंडोत यूब्लॉकच्या आयकॉनवर क्लिक केलं, ते मोठ्ठं पॉवरचं बटण बंद केलं, पेज रीलोड केलं, चाललं! फॉर्म गेला, मी झोपलो.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि मीही आधी तेच करायचो. पण ते बटण दाबलं की त्या साइटवर यूब्लॉक कायमचं बंद राहतं, म्हणजे एका कॅप्चासाठी आपल्यावर पाळत ठेवणारे सगळे ट्रॅकर आत. अगदीच घाई असेल तर कंट्रोल धरून दाबा, मग साइटऐवजी तेवढ्या पेजपुरतं बंद होतं. खरी मजा लॉगरमध्ये आहे, म्हणजे पेजने काय काय मागवलं आणि त्यातलं काय अडवलं त्याची नोंद. आयकॉनवर क्लिक केल्यावर येणाऱ्या पॉपअपमधूनच उघडतो, मग अडलेलं पेज रीलोड करायचं आणि ओळी धावायला लागतात, त्यातल्या लालसर त्या अडवलेल्या. पहिल्यांदा बघून घाबरायला होतं हे खरंय, पण सगळं वाचायचंच नसतं, आपली साइट निवडायची आणि फक्त लाल ओळी बघायच्या. ओळीवर क्लिक केलं की कुठल्या नियमाने अडवलं तेही कळतं, आणि तो यूब्लॉक वापरतं त्या तयार नियमांच्या यादीतला असेल तर यादीचं नावसुद्धा.

माझ्याकडे ती लाल ओळ कुठल्याच यादीची नव्हती. नियम मीच घातलेला! कधीतरी काहीतरी वाचून सेटिंगमध्ये 'मी प्रगत वापरकर्ता आहे' असं टिक केलं होतं (नाही आहे मी) आणि बाहेरच्या साइटच्या फ्रेम, म्हणजे पेजच्या आत उघडणारी दुसऱ्या साइटची चौकट, सरसकट सगळीकडे लाल (म्हणजे बंद) करून विसरून गेलो होतो. कॅप्चा बरेचदा असाच बाहेरून फ्रेममध्ये येतो. त्यात भर म्हणजे सेटिंगमधल्या याद्यांच्या पानावर जे दिसेल ते टिक केलेलं, उपद्रव, कुकी नोटीस, दोन-चार देशांच्या याद्या, सगळं.

आईच्या लॅपटॉपवरही मीच हे टाकून दिलंय, पण तिथे मूळ सेटिंगला हात लावला नाही, म्हणजे ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी, यूब्लॉकच्या स्वतःच्या याद्या आणि अशाच मोजक्या, बास. तिची आजवर एकही तक्रार नाही. मी कुरकुरत होतो तर म्हणाली, "अरे, माझ्याकडे उघडतंय की, तुझ्याच लॅपटॉपवर कसं अडतं नेहमी?" काय उत्तर देणार.

तर दुरुस्ती. 'प्रगत वापरकर्ता' टिक केलं की पॉपअपमध्ये जे प्रगत पॅनेल येतं त्यात दोन रकाने दिसतात, पहिला सगळ्या साइटसाठी, दुसरा फक्त समोरच्या साइटसाठी. दुसऱ्यात फ्रेमच्या ओळीला राखाडी करायचं, हिरवं नाही. हिरवं म्हणजे सगळं सोड, याद्यांचंही ऐकू नको. राखाडी म्हणजे फक्त माझा हा नियम इथे लावू नको, याद्यांचं काम चालू दे. हा फरक कळायला मला लाज वाटण्याइतका वेळ लागला.

आणि अर्धा स्टार इथेच कापलाय. राखाडी केलं, चाललं, खूश झालो, दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडला तर परत पांढरी चौकट. कारण हे बदल तात्पुरते असतात, पॅनेलमध्ये एक छोटंसं कुलूप येतं ते दाबलं तरच पक्के होतात. एखादी सूचना, एखादं वाक्य, काहीतरी दाखवा ना राव.

बाकी किरकोळ. पेज दिसतंय पण स्क्रोलच होत नाही, तर बहुधा कुकीवाली पट्टी यादीने लपवली पण साइटने लावलेला स्क्रोलचा ब्रेक तसाच राहिला, ती जादाची यादी काढून बघा. आयकॉनच्या जागी आकडे-अक्षरं असलेले चौकोन दिसले तर बाहेरचे फॉन्ट बंद केलेत का बघा, त्याचं बटण पॉपअपमध्येच आहे. आणि दोन ॲडब्लॉकर एकत्र ठेवू नका, कोण अडवतंय तेच कळत नाही.

यूब्लॉक बंद करूनही अडत असेल तर ॲड्रेस बारच्या डावीकडची ढाल बघा, फायरफॉक्सचं स्वतःचं ट्रॅकिंग संरक्षण कडक मोडवर असलं की तेही कधीकधी साइट मोडतं, त्या साइटपुरतं बंद करता येतं. तेही नसेल तर डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेवर, फिल्टर लावलाय का आठवा, ते ब्राउझरच्या बाहेरच अडवतं त्यामुळे कितीही पॉवरचं बटण दाबा, काही फरक पडणार नाही.

क्रोमवाल्यांसाठी: मॅनिफेस्टची (एक्स्टेंशननी काय करायचं, काय नाही ते ठरवणाऱ्या नियमांची) तिसरी आवृत्ती आल्यावर तिथे हे मूळ एक्स्टेंशन चालत नाही, यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्यावं लागतं. जाहिरातींपुरतं ते बरंय, पण वर सांगितलेला लॉगर आणि लाल-राखाडीचा खेळ त्यात नाही, याद्याही एक्स्टेंशन अपडेट झालं की मगच बदलतात. मी त्यासाठीच फायरफॉक्सवर थांबलोय. काढलेल्या जादा याद्यांपैकी कुकी नोटीसवाली तेवढी परत चालू केलीये, बघू किती दिवस टिकते.