बदनाम वस्तीतलं थिएटर: काळजी रस्त्याची नको, पडद्याची करा

या चार पडद्यांच्या थिएटरचं नाव काढलं की समोरचा चित्रपट कोणता हे विचारतच नाही. 'तिकडे? रात्री?' एवढंच विचारतो. वस्तीचं नाव खराब आहे आणि त्या नावापायी माणसं शेवटचा शो टाळतात. म्हणून आधी रस्त्याबद्दल लिहितो, मग पडद्याबद्दल.

'धोकादायक' हा शिक्का अख्ख्या वस्तीवर बसतो, पण गुन्हे असे सरसकट पसरलेले नसतात. गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोलिसांना आलेल्या फोनपैकी निम्मे फोन जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून आले होते. पुढे गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइसबर्ड यांनी दोन चौकांमधला रस्त्याचा तुकडा हे माप धरून वेगवेगळी शहरं तपासली. मोठ्या शहरांत निम्मे गुन्हे साधारण ४ ते ६ टक्के तुकड्यांवर घडतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे बदनाम वस्तीतल्याही बहुतेक गल्ल्या शांत असतात.

आकडे वाचतानाही फसायला होतं. गुन्ह्यांचा दर रहिवाशांमागे काढतात. स्टेशन, बाजार, थिएटर असलेल्या भागात राहणारे थोडे आणि येणारे-जाणारे भरपूर. बाहेरून आलेल्याचा मोबाइल चोरीला गेला तरी भागाकार तिथल्या मूठभर रहिवाशांनीच होतो आणि दर फुगतो. शिवाय लोकांची नजरही निर्मळ नसते. सॅम्पसन आणि रॉडनबुश या अभ्यासकांनी शिकागोत केलेल्या २००४ च्या अभ्यासात, रस्त्यावर प्रत्यक्ष किती अव्यवस्था आहे यापेक्षा तिथे कोण राहतं आणि गरिबी किती आहे यावरूनच लोकांचा अंदाज जास्त ठरत होता.

या थिएटरपर्यंतचा रस्ता तपासायचा तर तीन गोष्टी पाहाव्यात: तळमजल्यावरची दारं रस्त्याकडे उघडतात का, शो सुटेपर्यंत दुकानं चालू असतात का, आणि सलग कोरी भिंत किती लांब आहे. मुख्य रस्त्यापासून तिकीटखिडकीपर्यंत तिन्ही बाबतींत हा रस्ता चांगला आहे. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये मांडलं की रस्त्यावर लक्ष असणारे डोळेच रस्ता सुरक्षित ठेवतात; ते डोळे इथे भरपूर आहेत.

धोक्याची जागा वेगळीच आहे, आणि ती थिएटरच्याच मालकीची आहे. शेवटचा शो सुटला की पुढचं फाटक बंद करतात आणि सगळी गर्दी बाजूच्या दाराने मागच्या बोळात सोडतात. एका बाजूला थिएटरची खिडकी नसलेली भिंत, दुसऱ्या बाजूला पार्किंग, आणि मध्ये पुरेसा उजेड नाही. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक गृहवसाहतींत तात्पुरते दिव्यांचे खांब लावून प्रयोग केला, तेव्हा रात्री बाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. व्यवस्थापनाने या बोळात दिवे लावावेत किंवा पुढचं फाटक उघडं ठेवावं. दोन्ही गोष्टी त्यांच्या हातात आहेत आणि वस्तीचा त्यात काही दोष नाही.

आता आतलं. सुरक्षेचं कारण सांगून चित्रपट चालू असताना सभागृहातले भिंतीवरचे दिवे अर्धे चालू ठेवतात. चालायच्या वाटेवर पायऱ्यांना लावलेले छोटे दिवे पुरतात. भिंतीवरचा उजेड थेट पडद्यावर जातो आणि काळा रंग राखाडी होतो. रात्रीची दृश्यं तर दिसतच नाहीत.

त्यात मुळात चित्रच अंधुक आहे. टूडी चित्रपटासाठी पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट्स (दोन्ही उजळपणा मोजायची एककं), असं प्रमाण आहे. ते न मिळण्याची इथे दोन कारणं आहेत. मोठ्या पडद्याच्या सभागृहात मागे वळून प्रोजेक्टरच्या काचेकडे पाहिलं तर एकावर एक असे दोन झोत दिसतात. म्हणजे थ्रीडीची लेन्स टूडी खेळालाही तशीच ठेवली आहे आणि तिच्या फिल्टरमध्ये बराच प्रकाश अडतो. लेन्स बदलायला माणूस आणि वेळ लागतो, म्हणून हे घडतं. दुसरं कारण पडदा. थ्रीडीसाठी लावलेला चंदेरी पडदा प्रकाश समोरच्या दिशेने जास्त फेकतो. मधल्या खुर्चीवरून मध्यभाग लखलखीत दिसतो आणि कडा उतरलेल्या, तर कडेच्या खुर्चीवरून पलीकडची अर्धी बाजू मंद. अशा पडद्याला कडेचं तिकीट कधीही घेऊ नये.

पडद्याच्या कडेची काळी कापडं चित्राच्या आकारानुसार सरकायला हवीत, ती हलत नाहीत. उंचीच्या २.३९ पट रुंद चित्र १.८५ पट रुंद चौकटीत दाखवतात, त्यामुळे वर-खाली राखाडी पट्टे राहतात. चित्रीकरणात सर्वात भव्य असायला हवी ती चौकट इथे सर्वात लहान दिसते. हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण पट्टे काळ्या कापडाने झाकायला फार काही लागत नाही.

आवाजाचा प्रश्न थोडा वेगळा. प्रमाण पातळीला, म्हणजे फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) ७ वर असताना, पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर चाचणीच्या आवाजावर ८५ डेसिबल देतो, असं जुळवलेलं असतं. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश वाटतात म्हणून तक्रारी येतात, मग फेडर खाली येतो आणि चित्रपटालाही तसाच राहतो. ७ वरून ५ वर आणला तर सुमारे साडेसहा डेसिबल गेले. कुजबुजीचे संवाद बुडतात. छोट्या पडद्यांवर मात्र संवाद दबका, घोंगडीखालून आल्यासारखा येतो आणि संगीत स्वच्छ ऐकू येतं. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतो, त्यावरून त्याचा वरच्या सुरांचा भाग निकामी असावा. तो आवाज वाढवून सुधारणार नाही, भागच बदलावा लागेल.

तरी जायचंच असेल तर खुर्ची अशी निवडा: पडद्याच्या रुंदीच्या साधारण दीडपट अंतरावर, बरोबर मध्यावर. तिथून चित्र नजरेचा ३६ अंशांच्या आसपासचा कोन भरतं. १.८७ पटीच्या मागे गेलात तर ३० अंशांच्या खाली, आणि ते कमीच आहे. सुरुवातीच्या नामावलीतली बारीक अक्षरं चारही कोपऱ्यांत वाचता येतात का ते बघा. दिवे चालू असतील, दोन झोत दिसत असतील किंवा संवाद दबका असेल, तर पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर येऊन सांगा. 'चित्र बरोबर नाही' असं मोघम सांगू नका. 'थ्रीडीची लेन्स काढा', 'भिंतीवरचे दिवे बंद करा' असं नेमकं सांगा. दिवे लगेच बंद होऊ शकतात. लेन्स चालू खेळात सहसा काढत नाहीत, तेव्हा पैसे परत मागा आणि तक्रार लेखी द्या.

पाचपैकी दोन गुण, तेही तिकीटखिडकीवरच्या माणसांसाठी आणि स्वच्छतागृहांसाठी. शेवटचा शो पाहिलात तर बाजूच्या दाराकडे वळण्याआधी पुढचं फाटक उघडायला सांगा. तीन-चार जणांनी एकत्र सांगितलं की उघडतात.