जेजुरी की गोलपिठा?

नौपाड्यातल्या भाचीला कॉलेजात ‘श्रद्धा आणि ओळख’ यावर वीस मिनिटं बोलायचंय. दोन्ही कवितासंग्रह समोर, आणि बाईसाहेब अडकलेल्या. मागच्या कव्हरावरचं कौतुक बाजूला ठेव, म्हटलं.

श्रद्धेचं म्हणाल तर अरुण कोलटकर सरस. १९७६चा ‘जेजुरी’ मुळात इंग्रजीत, मराठी रूप कवी गेल्यावर आलं. त्यात मनोहर नावाचा एकजण उघडं दार पाहून आणखी एक देऊळ समजतो आणि आत डोकावतो, तर समोर डोळे वटारलेलं वासरू. गोठा निघतो तो! टिंगल आहे का भक्ती? मला दोन्ही वाटतं, आणि दर वाचनात प्रमाण बदलतं. खंडोबाला जाऊन आलेल्या घरात तर वाद हमखास.

ओळखीच्या बाबतीत नामदेव ढसाळांपुढे कोलटकर पर्यटक वाटतात. ‘गोलपिठा’ १९७२चा, ढसाळांनी सोबत्यांसह उभारलेली दलित पँथर ही संघटनाही त्याच वर्षीची. इथे देव आहे की नाही हा प्रश्नच नाही, माणसाला माणूस कोण मानतं हा आहे.

कष्ट मात्र ‘गोलपिठा’ला जास्त. कामाठीपुऱ्याची बोली प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांनाही अडली होती. मोठ्याने वाचलं की निम्मं उलगडतं. शिव्यांपाशी आमची आजी टीव्हीचा आवाज वाढवते.

दोनच संध्याकाळी हाताशी असतील आणि घरच्या देवाशी भांडण-प्रेम दोन्ही असेल, तर जेजुरी. आडनाव विचारून मग पाणी देणारी माणसं पाहिली असतील, तर गोलपिठा. भाचीने तोच उचललाय.