डेथचा सिम्बॉलिक, आठवडाभर हाच चालूय

सोलापूरच्या या उकाड्यात झोप येत नाही म्हणून रोज रात्री गच्चीवर एकच अल्बम लावतोय, डेथ या अमेरिकन मेटल बँडचा सिम्बॉलिक, १९९५ चा, फ्लोरिडातल्या मॉरिसाउंड स्टुडिओत रेकॉर्ड झालेला. ९ गाणी, एकही पुढं ढकलावंसं वाटत नाही. जीन होग्लनचे ड्रम्स तर काय सांगू, राइड सिंबल या झांजेवरचा ठोका न् ठोका सुटा ऐकू येतो, आणि आम्ही अक्कलकोट रोडला पॉवरलूमच्या खटखटीत वाढलेली पोरं, ताल जरा हलला की लगेच कळतं, इथं हलतच नाही राव. बेस थोडा दबलाय, तेवढंच खटकतं. पण पेरेनियल क्वेस्ट या शेवटच्या गाण्याच्या शेवटी सगळा दणका ओसरून बँडचा म्होरक्या चक शुल्डिनरची गिटार एकदम हळवी होते, तिथं मी दरवेळी डोळे मिटून हेडफोन घट्ट धरतो.